तिसऱ्या घंटेआधीची प्रार्थना: वादकाचं, गायकाचं मन कसं स्थिरावतं

दादरच्या शिवाजी मंदिरात किंवा विलेपार्ल्याच्या दीनानाथमध्ये पहिली घंटा होते, तेव्हा विंगेत उभ्या असलेल्या व्हायोलिनवादकाच्या शरीरात काय चाललेलं असतं ते आधी पाहू. अॅड्रेनालिन रक्तात उतरलेलं असतं. ठोके वाढतात, श्वास छातीच्या वरच्या भागातच घुटमळतो, तोंडाला कोरड पडते. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसल्यामुळे बोटं गार पडतात, त्यात सभागृहातल्या एसीची भर. दंडाचे स्नायू ताठरतात आणि लांब, संथ सूर काढताना गज तारेवर थरथरतो. गायकाला नेहमीच्या ओळीत दम पुरत नाही. तबल्यावर लय नकळत चढते. वर्षानुवर्षं रंगमंचावर असलेल्यांनाही हे होतं, त्यामुळे याला भित्रेपणा म्हणू नये.

अशा वेळी ख्रिस्ती कलाकार प्रार्थना करतो. वसईच्या चर्चमधल्या क्वायरपासून फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपर्यंत, आणि लग्नाच्या रिसेप्शनला वाजवणाऱ्या बँडपासून रेकॉर्डिंग स्टुडिओतल्या सेलोवादकापर्यंत हे दिसतं. काहींना त्यानं खरंच शांत वाटतं, काहींना काहीच फरक जाणवत नाही, आणि काहींची धडधड उलट वाढते. ज्याला शांत वाटलं नाही तो मनातल्या मनात स्वतःच्या श्रद्धेला बोल लावतो. बहुतेक वेळा श्रद्धेचा प्रश्नच नसतो. मागितलं काय, कधी मागितलं आणि मागताना श्वासाचं काय केलं, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

मागणं कसलं आहे

सगळ्यात जास्त केली जाणारी प्रार्थना म्हणजे, “प्रभू, आज चूक होऊ देऊ नको.” मनापासून केलेली असते, पण तिच्यात एक अडचण आहे. “चूक नको” म्हणताना चुकीचंच चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं: ती अवघड तान, तो उंच सूर, गेल्या वेळी घसरलेली ती जागा. लक्ष तिथेच खिळतं. आणि कार्यक्रमात एक जरी सूर हलला तरी दोन धक्के बसतात. एक सुराचा, दुसरा “देवानं ऐकलं नाही” याचा. पुढची दोन आवर्तनं मग त्या दुसऱ्या धक्क्यातच जातात.

दुसरा प्रकार सौद्याचा. “हे नीट पार पडलं तर वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणबत्ती लावीन.” मेणबत्ती लावण्यात काही गैर नाही. पण ती आभाराची असावी. सौदा केला की निकालाचं वजन आणखी वाढतं, आणि आपल्याला ते उतरवायचं असतं.

येशूचा प्रेषित संत पौल यानं फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला कैदेतून लिहिलेल्या, बायबलमधल्या पत्रातल्या चौथ्या अध्यायाची ६ आणि ७ ही वचनं चिंतेच्या प्रसंगी नेहमी सांगितली जातात. ती सावकाश वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. चिंता करू नका, आभारासह आपलं मागणं देवापुढे मांडा, असं पौल सांगतो. आणि पुढे वचन देतो ते शांतीचं, जी अंतःकरण आणि विचार सांभाळेल. मागितलेलं सगळं मिळेल असं तो तिथे म्हणत नाही. वादकाच्या दृष्टीनं हा भेद फार मोलाचा आहे, कारण कार्यक्रम चांगला होईल याची हमी कुणालाच नसते. शांती त्या हमीवर टांगलेली नसेल तरच ती विंगेत हाती लागते.

अटक होण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं केलेली प्रार्थना याच वळणाची आहे. तिथे भीती लपवलेली नाही. जीव व्याकूळ झाला आहे हे शिष्यांना उघड सांगितलेलं आहे. मागणंही स्पष्ट आहे: हा प्याला टळू दे. त्यानंतर, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असं सोपवणं. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार हे एकदाच म्हणून भागलं नाही, तीच प्रार्थना तीन वेळा केली गेली. म्हणजे पहिल्या प्रार्थनेनंतरही हात थरथरत असतील तर काही बिघडलेलं नाही. पुन्हा करावी.

तर क्रम असा बसतो: आभार, मग भीतीची सरळ कबुली, मग एक नेमकं मागणं, आणि शेवटी सोपवणं. मागणं असं असावं की चूक झाली तरी ते खोटं पडू नये. उदाहरणादाखल:

“प्रभू, या हातांसाठी, या वाद्यासाठी आणि शिकवणाऱ्यांसाठी तुझे आभार. मला भीती वाटते आहे, हे तुला ठाऊक आहे. ऐकायला आलेल्यांपैकी कुणा थकलेल्याला या सुरांतून विसावा मिळू दे. मी जी तयारी केली आहे ती तुझ्या पायांशी ठेवतो. पुढचं तुझं. आमेन.”

अर्ध्या मिनिटात होते. यात “टाळ्या मिळू दे” नाही, आणि मागणं ऐकणाऱ्यांसाठी आहे. हे दुसरं फार महत्त्वाचं. घाबरलेल्या कलाकाराचं सगळं लक्ष स्वतःकडे वळलेलं असतं: माझा हात, माझा आवाज, माझ्याबद्दल लोक काय म्हणतील. रोजच्या सरावानं आपोआप होणारी हालचाल अशी न्याहाळायला लागलं की ती अडखळते. ऐकणाऱ्यासाठी प्रार्थना केली की लक्ष बाहेर जातं आणि हात आपलं काम करायला मोकळे होतात. पडद्याच्या फटीतून एक रांग निवडा आणि त्या रांगेतल्या माणसांसाठी प्रार्थना करा. पहिली रांग निवडू नका, तिथे बहुतेक गुरुजी किंवा परीक्षक बसलेले असतात.

न्यायाधीशाची खुर्ची

भीतीचं मूळ बरेचदा एवढंच असतं: आज माझी किंमत ठरणार आहे. संगीताच्या ग्रेडची परीक्षा असो की एनसीपीएसारख्या मोठ्या सभागृहातला कार्यक्रम, समोरच्या खुर्चीत बसलेला माणूस न्यायाधीश वाटतो. ख्रिस्ती प्रार्थना इथे जे करते ते केवळ मन गुंतवण्याचं साधन करू शकत नाही, असं आमचं ठाम मत आहे. माझी किंमत आधीच ठरलेली आहे, मी देवाचं लेकरू आहे, आणि ते आजच्या सुरांवर अवलंबून नाही, हे ती रोज सांगत राहते. परीक्षक गुण देईल, ते गुण खरे असतील, कमीही असतील. पण ते वादनाचे असतील.

योहान सेबास्टियन बाख आपल्या अनेक चर्चसंगीताच्या हस्तलिखितांवर सुरुवातीला ‘येशू, साहाय्य कर’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरं लिहीत असे आणि शेवटी ‘केवळ देवाचा गौरव’ या अर्थाची. हायडनच्या हस्तलिखितांवरही सुरुवातीला ‘प्रभूच्या नावे’ आणि अखेरीस ‘देवाची स्तुती’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द सापडतात. ही सवय आजही उचलण्यासारखी आहे. आपल्या नोटेशनच्या पानावर, पहिल्या ओळीच्या वर, पेन्सिलीनं एक छोटी खूण करा. पान उघडलं की नजर आधी त्या खुणेवर जाते आणि प्रार्थना एका क्षणात आठवते. ज्यांचं सगळं पाठ असतं त्यांनी वाद्याच्या पेटीच्या आतल्या बाजूला चिठ्ठी लावावी.

श्वासाचं गणित

आता शरीराकडे. माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो, घाबरला की त्याहून जास्त. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आणला की हृदयाची गती आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा अधिक चांगली जुळते. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. त्यात २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली ‘नमो मरिया’ ही मरियेची प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणायला लावला होता. दोन्हींत श्वास मिनिटाला सहापर्यंत उतरला. मण्यांच्या माळेवर ‘नमो मरिया’ पुन्हा पुन्हा म्हणायची ती रोझरी; तिची रचनाच तशी आहे: अर्धी प्रार्थना एकानं म्हणायची, उरलेली अर्धी बाकीच्यांनी. एक जण म्हणतो तेव्हा दुसऱ्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

मंत्रानंही तेच घडलं, मग प्रार्थनेचं वेगळं काय, असं कुणी विचारेल. संथ श्वासानं शरीर शांत होतं, हे सगळ्यांसाठी खरं आहे आणि ते लपवण्याचं कारण नाही. शरीर देवानंच घडवलं आहे. मघाशी म्हटलेलं किमतीचं ओझं उतरणं हे श्वासानं होत नाही, ते कुणाला तरी सोपवल्यानं होतं.

श्वासासोबत करायची एक जुनी ख्रिस्ती प्रार्थना पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेतली आहे: “प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.” ती अशी करावी. पाय जमिनीवर सपाट, गुडघे किंचित सैल, खांदे सोडलेले. नाकानं चार मोजेपर्यंत श्वास आत घेताना मनात पहिला अर्धा भाग, सहा मोजेपर्यंत श्वास सोडताना उरलेला. एक फेरी दहा सेकंदांची, बारा फेऱ्या म्हणजे दोन मिनिटं. आकडे मोजण्यात गुंतू नये म्हणून बारा वेळा बोटांच्या पेरांवर अंगठा सरकवायचा. चार बोटांची पेरं बरोबर बारा होतात.

इथे तीन ठिकाणी गडबड होते. पहिली, लोक संथ श्वासाऐवजी खोल श्वास घ्यायला लागतात. जोरजोरात खोल श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात आणि घाबरलेल्याला वाटतं की आता चक्कर येणार. श्वास नेहमीएवढाच घ्यायचा, फक्त सावकाश. दुसरी, श्वास रोखून धरणं. त्यानं गळा आवळतो, गायकानं तर ते टाळावंच. तिसरी, कुजबुजत प्रार्थना करणं. कुजबुजण्यानं गळ्यावर ताण येऊ शकतो आणि घसा कोरडा पडतो. मनात म्हणा, नाहीतर साध्या हलक्या आवाजात.

लांब प्रार्थना जमत नसेल तर एखादी छोटी ओळ पुरते. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंगाच्या वळणावर आणली, आणि मराठी चर्चमधल्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून त्यांची पदं आजही गायली जातात. लहानपणापासून तोंडी बसलेली अशी ओळ कठीण वेळी आपोआप आठवते. मात्र कार्यक्रमाआधी ती म्हणायची, गायची नाही. संगीतकाराचं डोकं चाल सुरू झाली की लगेच सुरावटीत शिरतं. दुसऱ्या पट्टीतलं, दुसऱ्या लयीतलं गीत कानात घोळत राहिलं तर स्वतःच्या पहिल्या सुराची पट्टी आणि लय हलते. क्वायरला एकत्र गाऊनच प्रार्थना करायची असेल तर पहिल्या गाण्याच्याच पट्टीतलं आणि शक्यतो त्याच लयीचं गीत निवडावं.

घंटेपर्यंतचा वेळ

सुरुवात कार्यक्रमाच्या दिवशी करून भागत नाही. फक्त भीती वाटल्यावरच प्रार्थना केली तर शरीर प्रार्थनेलाच धोक्याची सूचना समजायला लागतं: डोळे मिटले की आता काहीतरी कठीण येणार. काहींची धडधड प्रार्थनेनं वाढते ती बहुधा यामुळे. म्हणून तीच छोटी प्रार्थना, तेच बारा श्वास, रोज रियाजाआधी करावेत, साध्या पलट्यांच्या दिवशीसुद्धा. आणि अधूनमधून मुद्दाम गोंगाटात, शेजारी टीव्ही चालू असताना करावेत. मुंबईत नाट्यगृहाच्या मेकअप रूममध्ये शांतता मिळत नाही. एका खोलीत पाच जण, कुणी इस्त्री शोधतंय, कुणी वडापाव सोडतंय. नीरव शांतता मिळाली तरच जमणारी प्रार्थना तिथे कामाला येत नाही.

आदल्या रात्री तयारीचा हिशेब संपवावा. ज्या जागा अजून कच्च्या आहेत त्या देवापुढे नावानिशी सांगाव्यात आणि झोपावं. रात्री अकरानंतर पुन्हा वाद्य काढलं की प्रार्थनेत सोपवलेलं परत घेतल्यासारखं होतं. हेही सांगायला हवं की न केलेल्या रियाजाची जागा प्रार्थना भरून काढत नाही. अर्धवट तयारीनं येणारी भीती खरी सूचना असते; तिचं उत्तर पुढच्या महिन्याच्या सरावात.

विरारहून चर्चगेटला लोकलनं यायला तासाभराहून जास्त लागतं. उभं राहून, एका हातानं वाद्य सांभाळत पुस्तक वाचणं जमत नाही, पण पाच दशकांची (एका दशकात दहा ‘नमो मरिया’) रोझरी पंधरा-वीस मिनिटांत आरामात होते. प्रोटेस्टंट मंडळींतल्यांनी बायबलमधलं स्तोत्र २३ किंवा ५७ आठवावं. ५७वं मुद्दाम सांगतो, कारण त्याच्या शीर्षकाप्रमाणे ते शौल राजापासून पळून गुहेत लपलेल्या दाविदाचं आहे. अर्ध्यावर तो म्हणतो की माझं मन स्थिर आहे, मी गाईन, आणि मग तंतुवाद्यांना जागं व्हायला सांगतो. शत्रू अजून बाहेरच असतो.

हॉलवर तासभर आधी पोहोचावं. आधी वाद्य लावून घ्यावं, मग प्रार्थना. उलट केलं तर प्रार्थनेत कान तारेकडेच राहतो. पावसाळ्यात हे अधिकच, दमट हवेत तबल्याची पुडी उतरते. गार बोटांसाठी कोमट पाण्याचा स्टीलचा पेला दोन्ही हातांत धरून प्रार्थना करावी. गिटारवाल्यांनी बोटं गरम पाण्यात बुडवून ठेवू नयेत, घट्टे मऊ पडतात. गुडघे टेकले असतील तर सावकाश उठावं, झटकन उठल्यानं अंधारी येते. ख्रिसमसच्या मध्यरात्रीच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) किंवा गुड फ्रायडेला उपाशी पोटी उभ्या असलेल्या क्वायरमध्ये कुणीतरी कोसळतं, त्यामागे बरेचदा कडक ताठ ठेवलेले गुडघे आणि रिकामं पोट असतं. आजारी किंवा अशक्त असलेल्यांना चर्चनं उपवासाची सक्ती केलेली नाही. शंका असेल तर फादरांना आधी विचारून दोन केळी खावीत.

शेवटची दोन मिनिटं बारा श्वासांची. तिसरी घंटा झाली की प्रार्थना संपली असं धरावं आणि पहिल्या सुराची लय मनात मोजायला घ्यावी. वाजवता वाजवता प्रार्थनेचे शब्द मनात चालू ठेवू नयेत. तेव्हा पूर्ण लक्ष संगीताला देणं हीच सोपवल्याची खूण.

तबलजीशी भांडण झालेलं असेल तर

ही बाब कुणी फारशी सांगत नाही, पण अशांतीचं हे मोठं कारण असतं. दुपारच्या तालमीत लयीवरून खटका उडालेला असतो, मानधनावरून अबोला असतो, किंवा सोलो दुसऱ्याला दिल्याचं मनात सलत असतं. कितीही प्रार्थना केली तरी मन त्याच वादाकडे पळतं. येशूची शिकवण मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे: वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर, मग ये. वादन हे अर्पण मानायचं असेल तर हा नियम त्यालाही लागू. मेकअप रूममध्ये जाऊन, “अरे, दुपारी मी जरा जास्तच बोललो, सोडून दे,” एवढं म्हणायला वीस सेकंद लागतात. कोण बरोबर होतं त्याचा निवाडा तिथे करू नये, तो कार्यक्रमानंतर. या वीस सेकंदांनी साथसंगतीतही फरक पडतो, कारण एकमेकांकडे न पाहणारे दोन कलाकार समेवर एकत्र येऊ शकत नाहीत.

सगळे ख्रिस्ती नसतात तिथे

मराठी रंगमंचावर नटराजाची पूजा होते, नारळ फुटतो, कलाकार रंगमंचाला हात लावून कपाळी नेतात. ख्रिस्ती वादकानं अशा वेळी आदरानं उभं राहावं आणि मनात आपली प्रार्थना करावी. सगळ्यांना थांबवून मोठ्यानं प्रार्थना करायची गरज नाही. येशूनंही प्रार्थना लोकांना दाखवण्यासाठी करू नका असंच सांगितलं. सहकलाकारानं आपणहून “आमच्यासाठीही करा” म्हटलं तर आनंदानं, एकाच वाक्यात करावी.

प्रार्थनेपलीकडे मदत लागते तेव्हा

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधीपासून झोप उडत असेल, उलट्या होत असतील, छातीत कळ येत असेल किंवा भीतीपायी आलेले कार्यक्रम नाकारावे लागत असतील, तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जावं. प्रार्थना आणि औषध यांत वैर नाही. मात्र धडधड कमी करणारी बीटा ब्लॉकर गोळी दुसऱ्या वादकाच्या खिशातून मागून घेऊ नये. दमा असलेल्यांना ती धोकादायक ठरू शकते, आणि इतरांनीही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.

पडदा पडल्यावर

पुढच्या कार्यक्रमाची शांती बरीचशी इथे ठरते. टाळ्या संपल्या, वाद्य पेटीत ठेवलं, की कुणाचंही मत ऐकण्याआधी आणि मोबाइलवरचं रेकॉर्डिंग उघडण्याआधी आभाराची प्रार्थना करावी. जे चांगलं झालं ते एक नाव घेऊन, जे हुकलं तेही एक नाव घेऊन. “दुसऱ्या अंतऱ्यात लय पळाली” असं नेमकं. “सगळंच वाईट झालं” असं नाही. ते हुकलेलं वहीत लिहावं, म्हणजे सोमवारच्या रियाजाला काय घ्यायचं ते ठरतं. मग साथीदारांना चहा विचारावा. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी, पोटभर झोप झाल्यावर ऐकावं.